अर्थ ऐकणारा डॉक्टर

तहान लागलेले चार वर्षांचे मूल आईजवळ येते आणि मला पाणी दे असे न म्हणता, तुला पाणी पाहिजे का, असे तिलाच विचारते. सूरही हुबेहूब आईचा. घरातले कुणी हसते, कुणी उलट बोलतो म्हणून रागावते, कुणी याला अजून काही कळत नाही असे म्हणून विषय संपवते. उस्मानपुऱ्यातल्या एखाद्या इमारतीत हे घडले, तर शेजाऱ्यांचा सल्लाही तयार असतो. घरात मराठी, जिन्यात हिंदी आणि दखनी, शाळेत इंग्रजी. पोरगं गोंधळलं असणार, एकच भाषा ठेवा. या सगळ्यात त्या मुलाला नेमके काय म्हणायचे आहे, हे विचारायचे राहून जाते.

हा प्रश्न चिकाटीने विचारणारे एक डॉक्टर होऊन गेले. त्यांचे नाव लिओ कॅनर. स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, या अवस्थेचे त्यांनी १९४३ मध्ये केलेले वर्णन जगभरच्या वैद्यकशास्त्राने पायाभूत मानले. त्यापूर्वी, १९२५ मध्ये, रशियातील डॉ. ग्रुन्या सुखारेवा यांनी अशाच मुलांविषयी लिहिले होते. पण त्यांच्या कामाकडे जगाचे लक्ष फार उशिरा गेले. कॅनर यांचे आयुष्य मात्र शोधाच्या श्रेयापुरते पाहून चालणार नाही. ज्या मुलांच्या बोलण्याला सगळे बडबड समजत होते, त्यात त्यांना अर्थ ऐकू आला. आणि त्याच मुलांच्या आयांचे म्हणणे ऐकण्यात ते अनेक वर्षे कमी पडले. दोन्ही गोष्टी आज स्वमग्न व्यक्तींशी बोलू पाहणाऱ्या प्रत्येकाच्या उपयोगाच्या आहेत.

परक्या भाषेतला माणूस

कॅनर यांचा जन्म १३ जून १८९४ रोजी क्लेकोटोव्ह या खेड्यात एका ज्यू कुटुंबात झाला. हे गाव तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होते, आज ते युक्रेनमध्ये आहे. १९०६ मध्ये कुटुंब बर्लिनला आले. तरुण लिओला कवी व्हायचे होते. कविता छापून येईनात, म्हणून वैद्यकाकडे वळावे लागले. शिक्षण चालू असतानाच पहिले महायुद्ध पेटले आणि त्यांना सैन्याच्या वैद्यकीय सेवेत जावे लागले. १९२१ मध्ये बर्लिन विद्यापीठाची वैद्यकीय पदवी मिळाली. त्यानंतर शारिते या नामांकित रुग्णालयात ते काम करू लागले. त्या वेळी त्यांचा विषय होता हृदयाचे आलेख. मानसरोगांशी त्यांचा संबंध नव्हता, मुलांशी तर नाहीच.

महायुद्धानंतर जर्मनीत महागाईने कहर केला होता. एका अमेरिकन डॉक्टर मित्राच्या मदतीने कॅनर १९२४ मध्ये पत्नी आणि लहान मुलीसह अमेरिकेला गेले. साउथ डकोटा राज्यातील यँक्टन या लहान गावच्या सरकारी मनोरुग्णालयात त्यांना नोकरी मिळाली. इंग्रजी जेमतेम होते. ते सुधारावे म्हणून ते वर्तमानपत्रातील शब्दकोडी सोडवत. चुकीचा शब्द तोंडून गेला की समोरच्याच्या चेहऱ्यावर काय उमटते, हे त्यांनी तिशीत अनुभवले. बोलणे मोडकेतोडके असले तरी बोलणारा मोडका नसतो, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नसेल.

१९२८ मध्ये ते बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात आले. तेथे १९३० मध्ये मुलांच्या इस्पितळाला जोडून त्यांनी बालमानसोपचाराचा विभाग सुरू केला. १९३५ मध्ये या विषयावरचे इंग्रजीतले पहिले पाठ्यपुस्तक त्यांनी लिहिले. त्याच दशकात हिटलरच्या राज्यातून निसटू पाहणाऱ्या अनेक ज्यू डॉक्टरांना त्यांनी अमेरिकेत येण्यास मदत केली. व्हिएन्नाहून आलेले डॉ. जॉर्ज फ्रँकल हे त्यांपैकी एक. व्हिएन्नात ते हान्स आस्पर्गर यांच्याच दवाखान्यात काम करत होते, आणि ज्यांची भाषा व भावनिक संपर्क वेगळ्या वाटेने जातो अशा मुलांचा त्यांचा अभ्यास होता.

कमकुवत समजल्या जाणाऱ्यांची बाजू घेण्याची कॅनर यांची सवय जुनी होती. बाल्टिमोरजवळच्या एका संस्थेतून दीडशेहून अधिक मतिमंद स्त्रिया आणि मुलींना कोर्टातून सोडवून घ्यायचे आणि श्रीमंत घरी जवळजवळ फुकटात राबवायचे, असा उद्योग एका वकिलाने चालवला होता. १९३७ मध्ये कॅनर यांनी तो उघडकीस आणला. १९४२ मध्ये अमेरिकेच्या मानसोपचार नियतकालिकात एका नामवंत मेंदूतज्ज्ञाने गंभीर मतिमंद मुलांना मारून टाकण्याची सूचना केली, तेव्हा विरोधात लिहिणारे कॅनरच होते.

तेहतीस पानांचे पत्र

मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट या गावच्या एका वकिलाने आपल्या मुलाविषयी लिहिलेले तेहतीस पानांचे टंकलिखित पत्र कॅनर यांच्याकडे आले. मुलाचे नाव डोनाल्ड. ऑक्टोबर १९३८ मध्ये पाच वर्षांच्या डोनाल्डला घेऊन आईवडील बाल्टिमोरला आले. दोन वर्षांचा असतानाच तो मुळाक्षरे सुलट आणि उलट म्हणत होता. वस्तू गरगर फिरवत बसणे त्याला फार आवडे. आईवडील खोलीत आले की गेले, याची जणू त्याला खबरच नसे. ठरलेल्या क्रमात जरा बदल झाला की आकांत. त्याआधी डॉक्टरांच्या सल्ल्यावरून त्याला सुमारे वर्षभर घरापासून दूर एका संस्थेत ठेवले होते. तिथे तो मिटून गेला, म्हणून आईवडील त्याला परत घेऊन आले.

त्या काळी अशा मुलांवर बहुधा मतिमंद किंवा वेडसर असा शिक्का मारून फाइल बंद होत असे. कॅनर यांनी ती बंद केली नाही. वडिलांनी लिहून ठेवलेला तपशील वाचला, आईची पत्रे वाचली, मुलाला पुन्हा पुन्हा पाहिले. तशीच आणखी मुले येत गेली. १९४३ मध्ये त्यांनी अकरा मुलांवरचा प्रबंध प्रसिद्ध केला. त्यात आठ मुलगे आणि तीन मुली होत्या. आठ मुले बोलत होती, तीन बोलत नव्हती. माणसांशी भावनिक संपर्क साधण्यातली ही अडचण जन्मजात आहे, असा निष्कर्ष त्यांनी शेवटी मांडला.

या अवस्थेसाठी त्यांनी स्विस मानसोपचारतज्ज्ञ ब्लॉयलर यांचा जुना शब्द उसना घेतला. त्याच्या मुळाशी स्व असा अर्थ आहे, आणि त्यावरूनच मराठीत स्वमग्नता हा शब्द आला. शब्द सुटसुटीत आहे, पण त्याने एक गैरसमजही रुजवला: हे मूल स्वतःतच बुडालेले आहे, त्याला आपल्याशी काही बोलायचेच नाही. कॅनर यांच्याच नोंदी या समजुतीच्या उलट साक्ष देतात.

बडबडीमागची गोष्ट

डोनाल्डला रंगाच्या बाटल्या दिल्या तेव्हा अॅनेट आणि सेसिल मिळून जांभळा होतो, असे काहीसे तो म्हणाला. ऐकणाऱ्याला हे असंबद्ध वाटणारच. चौकशी केल्यावर कळले की त्या काळात एकाच वेळी जन्मलेल्या पाच कॅनेडियन बहिणी फार प्रसिद्ध होत्या आणि डोनाल्डने आपल्या पाच बाटल्यांना त्यांची नावे दिली होती. निळी बाटली अॅनेट, लाल बाटली सेसिल. निळा आणि लाल मिळून जांभळा होतोच. मुलाचे विधान अगदी बरोबर होते. फक्त शब्दांची किल्ली त्याच्याकडे होती, ऐकणाऱ्याकडे नव्हती.

पॉल नावाचा दुसरा मुलगा काहीही फेकण्याचा मोह झाला की कुत्र्याला सज्जातून टाकू नकोस, असे स्वतःशीच म्हणे. आसपास ना कुत्रा, ना सज्जा. आईशी बोलल्यावर उलगडा झाला. तीन वर्षांपूर्वी ते इंग्लंडमध्ये एका हॉटेलात राहत होते. पॉल आपला खेळण्यातला कुत्रा सज्जातून खाली टाकत होता. आईने वैतागून त्याला याच शब्दांत बजावले होते. तेव्हापासून ते वाक्य त्याच्यासाठी फेकू नये या अर्थाची खूण झाले. हाच पॉल पातेले दिसले की एका बडबडगीतातले दोन शब्द म्हणायचा. तो दोन वर्षांचा असताना आई स्वयंपाकघरात ते गीत म्हणत होती आणि तिच्या हातून पातेले पडले, एवढाच त्यामागचा धागा होता.

अशा उदाहरणांवर कॅनर यांनी १९४६ मध्ये स्वतंत्र लेख लिहिला. त्याचा सारांश साधा आहे. ही वाक्ये निरर्थक नसतात. ती मुलाच्या एखाद्या प्रत्यक्ष अनुभवाला चिकटलेली असतात. तो अनुभव ठाऊक असलेला माणूस भेटला की अर्थ उघडा पडतो. म्हणजे अशा मुलाशी संवाद साधायचा, तर त्याच्या आयुष्याचा तपशील माहीत असलेल्या माणसाला, बहुतेक वेळा आईलाच, विचारायला हवे.

मी आणि तू यांच्या अदलाबदलीचाही उलगडा त्यांनी असाच केला. बूट काढून हवा असेल तर डोनाल्ड आईला सांगे की तुझा बूट काढ. कारण आईच्या तोंडून त्याने ते वाक्य तसेच ऐकले होते, आणि ऐकलेले वाक्य तो अखंड उचलत होता. मराठीत याची आणखी एक खूण दिसू शकते. दिवसभर आईचेच बोलणे ऐकणारा मुलगा मी जाते, मी जेवते असे म्हणतो. लोक त्याची थट्टा करतात. खरे तर त्याने वाक्य अचूक टिपलेले असते.

शब्दांचा शब्दशः अर्थ घेणे ही तिसरी गोष्ट. हातातली वस्तू खाली ठेव म्हटल्यावर डोनाल्डने ती थेट जमिनीवर ठेवली. जॉन नावाच्या मुलाचे वडील भिंतीवरच्या चित्रांविषयी बोलत होते, तर जॉन गोंधळला. त्याच्या हिशेबाने चित्रे भिंतीजवळ होती. डोनाल्डला हो म्हणायला शिकवताना वडिलांनी सांगितले की हो म्हणालास तर खांद्यावर घेईन. त्याने हो म्हणायला शिकून घेतले, पण त्याच्या लेखी त्या शब्दाचा अर्थ मला खांद्यावर घ्या एवढाच झाला. तो सुटायला बरेच महिने लागले.

आपल्या रोजच्या मराठीत असे सापळे पावलोपावली आहेत. आपण निघताना येतो असे म्हणतो आणि प्रत्यक्षात जातो. पाच मिनिटे थांब म्हणतो आणि अर्ध्या तासाने उगवतो. डोके खाऊ नकोस, कान उघडे ठेव, हात धुऊन मागे लागला, अशी वाक्ये आपण सहज फेकतो. स्वमग्न मूल घड्याळ पाहून सहाव्या मिनिटाला अस्वस्थ झाले, तर त्याचा हट्ट म्हणायचा की आपले बोलणे सैल होते म्हणायचे?

शेतकऱ्याची रीत

संवादाचा सर्वांत मोठा धडा कॅनर यांना दवाखान्यात मिळाला नाही, तो शेतावर मिळाला. १९४२ मध्ये डोनाल्डच्या आईवडिलांनी त्याला घरापासून दहाएक मैलांवरच्या एका शेतकरी दांपत्याकडे राहायला ठेवले. १९४५ च्या मे महिन्यात कॅनर त्याला भेटायला तिथे गेले. डोनाल्ड तेव्हा अकरा वर्षांचा होता.

त्याला मोजमापाचे वेड होते. शेतकऱ्याने त्याला विहीर खणायला लावली आणि ती किती खोल गेली हे मोजून सांगायचे काम दिले. तो मेलेले पक्षी आणि किडे गोळा करत असे. नवराबायकोने त्यासाठी शेतातली एक जागा नेमून दिली आणि प्रत्येक थडग्यावर पाटी लावायला सांगितले. डोनाल्ड पाटीवर आधी एखादे नाव, मग प्राण्याची जात आणि शेवटी त्या शेतकऱ्याचे आडनाव लिहू लागला. मक्याच्या ओळी तो पुन्हा पुन्हा मोजत असे. शेतकरी म्हणाला, मोज, पण नांगरता नांगरता मोज. कॅनर यांच्या समोर त्याने सहा लांब तास नांगरले. घोडा आणि नांगर तो सफाईने हाताळत होता आणि बांधाशी घोडा नीट वळवत होता. गावच्या शाळेतही त्याचे वेगळेपण पचवले गेले होते.

या दांपत्याने मानसशास्त्राचे एक पानही वाचलेले नव्हते. पण मुलाला जे आवडते ते त्यांनी मोडून काढले नाही. त्याला उपयोगाची दिशा दिली. हे थांबव असे सांगण्याऐवजी हे इथे, असे कर म्हणून सांगितले. सूचना ठोस होती, काम डोळ्यांना दिसणारे होते आणि ते कुठे संपते हे स्पष्ट होते. पुढे डोनाल्ड महाविद्यालयात शिकला, पदवीधर झाला, आपल्याच गावच्या बँकेत नोकरीला लागला, मोटार चालवू लागला, गोल्फ खेळू लागला. २०२३ मध्ये वयाच्या ८९ व्या वर्षी त्याचे निधन झाले. त्याच्यासारखे आयुष्य प्रत्येक स्वमग्न व्यक्तीच्या वाट्याला येईल असे नाही. काहींना जन्मभर मदत लागते. मात्र १९७१ मध्ये कॅनर यांनी त्या अकरा मुलांचे पुढे काय झाले याचा शोध घेतला, तेव्हा एक फरक ठळक दिसला. ज्यांना मोठ्या सरकारी संस्थांत टाकले गेले, ती मुले तिथे विझत गेली होती. तिथला प्रवेश त्यांना जन्मठेपेसारखाच ठरला, असा निष्कर्ष त्यांनी नोंदवला.

आयांवरचा ठपका

आता दुसरी बाजू. १९४१ मध्ये आयांची बाजू मांडणारे एक पुस्तक कॅनर यांनी लिहिले होते. अतिउत्साही मानसशास्त्रज्ञांच्या सल्ल्यांनी बिचकून गेलेल्या आयांना त्यात धीर दिला होता. पण आपल्या अकरा मुलांविषयी लिहिताना, यांचे आईवडील फारसे मायाळू नाहीत, अशी नोंद त्यांनी केली. १९४९ च्या लेखात ते आणखी पुढे गेले आणि ही मुले जणू शीतपेटीत ठेवली गेली आहेत, अशी उपमा त्यांनी वापरली. त्यांच्याकडे येणारी कुटुंबे बहुतेक शिकलेली आणि सुस्थितीतली होती, कारण इतक्या दूरच्या तज्ज्ञापर्यंत तशीच कुटुंबे पोहोचू शकत होती. थकलेल्या, घाबरलेल्या, वर्षानुवर्षे उत्तर न मिळालेल्या आईचा अलिप्त चेहरा त्यांनी पाहिला आणि परिणामाला कारण समजले.

त्या उपमेने हाहाकार केला. शिकागोचे ब्रुनो बेटलहाइम यांनी १९६७ च्या पुस्तकात आयांवरचा ठपका आणखी गडद केला. अमेरिका आणि युरोपात अनेक मुलांना बरे करण्याच्या नावाखाली आईपासून तोडले गेले. आईने स्वतःच्या मनाची चिकित्सा करून घ्यावी आणि मुलाने संस्थेत राहावे, अशी रीत पडली. मुलाला सर्वांत जास्त ओळखणारी व्यक्तीच संशयित ठरली. म्हणजे ज्या किल्लीने पॉलच्या वाक्याचा अर्थ उघडला होता, तीच फेकून दिली गेली.

ही चूक उलटवण्यात पुढाकार घेतला तो पालकांनीच. अमेरिकन नौदलात मानसशास्त्रज्ञ असलेले बर्नार्ड रिमलँड हे एका स्वमग्न मुलाचे वडील होते. १९६४ मध्ये त्यांनी पुस्तक लिहून स्वमग्नतेचे मूळ मेंदूच्या जडणघडणीत आहे, संगोपनात नाही, असे मांडले. त्या पुस्तकाला प्रस्तावना कॅनर यांनी लिहिली. १९६९ मध्ये वॉशिंग्टन येथे पालकांच्या राष्ट्रीय संघटनेचे संमेलन भरले. पंचाहत्तरीच्या कॅनर यांनी व्यासपीठावरून सर्व आईवडिलांना जाहीरपणे निर्दोष ठरवले. आपण पहिल्या प्रबंधापासून ही अवस्था जन्मजात आहे असेच म्हणत आलो, असेही त्यांनी सांगितले. ते खरे होते, पण पूर्ण खरे नव्हते. १९४९ चा लेखही त्यांचाच होता. तरीही त्या सभेतल्या आया उठून उभ्या राहिल्या, कारण वीस वर्षांचे ओझे कुणीतरी उतरवले होते. १९७७ मध्ये ब्रिटनमधील जुळ्यांच्या २१ जोड्यांवरील अभ्यासाने आनुवंशिकतेचा वाटा दाखवून दिला, आणि ठपक्याचा शास्त्रीय आधार संपला.

आपल्याकडे तो अजून पूर्ण संपलेला नाही. आई नोकरी करते म्हणून, एकत्र कुटुंब सोडले म्हणून, मोबाइल हातात दिला म्हणून मूल असे झाले, हे वाक्य मराठवाड्यातल्या कितीतरी आयांना ऐकावे लागते. मोबाइलचा अतिरेक कोणत्याही लहान मुलासाठी चांगला नाही, पण त्यामुळे स्वमग्नता होते असे सिद्ध झालेले नाही. घरात दोन-तीन भाषा असल्याने स्वमग्न मुलाची भाषा मागे पडते, यालाही आजवरच्या संशोधनात आधार मिळालेला नाही. आजीशी मराठीत किंवा दखनीत बोलण्याचा मुलाचा मार्ग सल्ल्याच्या नावाखाली बंद करू नये.

आपण कसे बोलावे

कॅनर यांचे निधन ३ एप्रिल १९८१ रोजी झाले. त्याच वर्षी अमेरिकेतील बॅरी प्रिझंट आणि ज्युडिथ डुकन यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ऐकलेले वाक्य तसेच परत म्हणणे हे मागणी, होकार, आपली पाळी घेणे अशा वेगवेगळ्या हेतूंनी होते, असे त्यांनी दाखवले. कॅनर यांना जे चौकशीतून उमगले होते, ते आता मोजून सिद्ध झाले. २०१२ मध्ये ब्रिटनमधील समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन, जे स्वतः स्वमग्न आहेत, त्यांनी आणखी एक मुद्दा पुढे आणला. संवाद तुटतो तेव्हा दोष एकाच बाजूचा नसतो. स्वमग्न व्यक्तीला आपण कळत नाही, तशी ती आपल्यालाही कळत नाही. पुढच्या प्रयोगांत स्वमग्न व्यक्ती आपापसांत माहिती इतर कुणाइतक्याच चांगल्या रीतीने पोहोचवतात, असे दिसले. म्हणजे अर्धे अंतर चालायची जबाबदारी आपलीही आहे.

ते अंतर कसे चालायचे, याची उत्तरे बरीचशी या चरित्रातच आहेत. मूल ऐकलेले वाक्य परत म्हणत असेल, तर चूक काढण्याआधी ते कुठे ऐकले होते हे आठवून पाहा. पाण्याकडे बघत तुला पाणी पाहिजे का म्हणणाऱ्या मुलाला पाणी द्या आणि शांतपणे मला पाणी पाहिजे हे वाक्य त्याच्या वतीने म्हणा. पाणी अडवून व्याकरण शिकवू नका. एका वेळी एकच सूचना द्या. धावू नको म्हणण्यापेक्षा हळू चाल म्हणणे सोपे पडते, कारण काय करायचे ते त्यात सांगितलेले असते. वेळेचे वचन दिले तर पाळा, नाहीतर घड्याळातला काटा कुठे येईल ते दाखवा.

प्रश्न विचारल्यावर थांबा. उत्तर यायला आपल्या सवयीपेक्षा जास्त वेळ लागू शकतो. मध्येच तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारला, तर त्याला पुन्हा सुरुवातीपासून विचार करावा लागतो. माझ्याकडे बघून बोल हा आग्रह सोडा. नजरेला नजर देताना ऐकणे कठीण जाते, असे अनेक स्वमग्न प्रौढ सांगतात. उस्मानपुरा चौकातले हॉर्न, लग्नाच्या वरातीचा डीजे, दवाखान्यातल्या ट्यूबलाइटचा बारीक आवाज, हे सगळे आपल्या कानांना सवयीचे झाले आहे. एखाद्या स्वमग्न व्यक्तीला त्यातून आपला आवाज वेगळा काढता येत नसेल. महत्त्वाचे बोलायचे असेल तर आधी शांत जागा पाहा.

मूल बोलत नसेल, तर चित्रांचे कार्ड, हातवारे, लेखन किंवा टॅबलेट यांचा आधार देण्यास कचरू नका. त्यामुळे बोलणे कायमचे थांबेल ही भीती अभ्यासांनी खरी ठरवलेली नाही. बोलत नाही म्हणजे ऐकत नाही, असेही समजू नका; त्याच्यासमोर त्याच्याविषयी तो नसल्यासारखे बोलणे टाळा. मोठ्या वयाच्या स्वमग्न व्यक्तीशी बोलताना सोबत आलेल्या भावाला किंवा आईला न विचारता आधी तिलाच विचारा, आणि तिला लहान बाळासारखे बोलू नका. आणि डोनाल्डच्या शेतकऱ्याप्रमाणे तिच्या आवडीच्या विषयातून सुरुवात करा. रेल्वेचे वेळापत्रक पाठ असलेल्या मुलाशी गणित रेल्वेतूनच सुरू होऊ शकते.

बोलण्याला उशीर होत असेल, नावाने हाक मारल्यावर मूल वळत नसेल, किंवा आलेले शब्द हरवत असतील, तर वाट पाहत बसू नये. बालरोगतज्ज्ञांना भेटावे आणि श्रवण तपासणीही करून घ्यावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची सोय करण्यात आली आहे. तिथे मार्गदर्शन मिळू शकते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात मान्य केलेल्या २१ प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश आहे, त्यामुळे प्रमाणपत्र आणि शाळेतल्या सवलती हा हक्क आहे, कुणाची मेहेरबानी नाही.

कॅनर यांनी जमवलेल्या माहितीतली पुष्कळ आज जुनी झाली आहे. स्वमग्नता त्यांना वाटली तेवढी दुर्मीळ नाही, ती कोणत्याही घरात असू शकते, आणि आईच्या मायेच्या कमीअधिक असण्याशी तिचा संबंध नाही. त्यांची एक सवय मात्र जुनी झालेली नाही. समोरच्याचे बोलणे कळले नाही तर त्याला अर्थ नाही असे ठरवण्याऐवजी, तो अर्थ कुणाला माहीत असेल हे शोधत जाणे. तेहतीस पाने लिहिणारे वडील आणि तीन वर्षांपूर्वीचा सज्जा आठवणारी आई त्यांना याच सवयीने भेटली. आपल्या घरात, शाळेत, दवाखान्यात असे आईवडील रोज येतात. त्यांना सांगण्याआधी त्यांचे ऐकून घेतले, तर मुलाचे निम्मे बोलणे कळायला लागते.